स्मरणिकेच्या पीडीएफमध्ये दाबल्यावर उघडणाऱ्या लिंक कशा टाकायच्या: इनडिझाइन आणि स्क्रायबसवाल्यांसाठी

हल्ली आपल्या गोव्यात स्मरणिकेच्या छापील प्रती थोड्याच काढतात आणि बाकी सगळं गाव पीडीएफ बघतं व्हॉट्सॲपवर. देवळाचा कालोत्सव असो, चवथीचं सार्वजनिक मंडळ असो की नाट्यमहोत्सव. आणि पीडीएफ ग्रुपवर पडली रे पडली की कोणीतरी लिहितंच, "हांगा दामलें तरी कांयच जायना", म्हणजे इथे दाबलं तरी काहीच होत नाही. लोकेशन लिहिलंय, फोन लिहिलाय, यूट्यूबचा पत्ता लिहिलाय, पण बोट लावलं तर नुसतं पान झूम होतं. डीटीपीला, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायला, नवीन बसलेल्या पोरांना हे कोणी शिकवत नाही, कारण शिकवणारे सगळे छपाईतून आलेले, कागदावर कुठे काय दाबायचं असतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय, कामाला बसताना बाजूला उघडून ठेवा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग पुढचं आपोआप कळेल. पीडीएफमधली लिंक ही अक्षरांत नसते. अक्षरं निळी केली, खाली रेघ मारली म्हणजे लिंक झाली असं नाही. पानाच्या वर एक न दिसणारा चौकोन ठेवलेला असतो, फोटोवर काच ठेवावी तसा, आणि त्या चौकोनाला पत्ता चिकटवलेला असतो. सॉफ्टवेअर कुठलंही असो, तुम्ही तो चौकोन बनवताय आणि तो शेवटच्या पीडीएफपर्यंत जिवंत पोचवताय, एवढंच काम आहे. बनवायला दोन मिनिटं लागतात, मरतो तो पोचवताना.

लागणारं सामान

- इनडिझाइन, शक्यतो सीसीतलं (क्रिएटिव्ह क्लाउडमधलं) वर्जन. नाहीतर स्क्रायबस, ते फुकट आहे, पण १.६ च घ्या, जुन्या १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात
- युनिकोड मराठी फॉन्ट. जुना फॉन्ट असेल तर खाली सातवी पायरी वाचा
- सगळ्या लिंकांची यादी, टाइप केलेली, कागदावर लिहिलेली नको
- एक ॲन्ड्रॉइड फोन, आणि घरात कोणाचा आयफोन असेल तर तो पण
- ज्यांच्या जाहिराती आहेत त्यांची परवानगी, की जाहिरातीवर दाबल्यावर काय उघडायचं, फोन की व्हॉट्सॲप की दुकानाचं लोकेशन

पब्लिशरमध्ये काम करत असाल तर त्यात पण लिंक होते, मजकूर निवडून कंट्रोल आणि के दाबायचं. पण मायक्रोसॉफ्टने पब्लिशर ऑक्टोबर २०२६ मध्ये बंद करायचं जाहीर केलंय, तेव्हा नवीन शिकणाऱ्याने त्यात जीव घालवू नये असं माझं मत.

१. आधी यादी, मग डिझाइन

एक्सेल किंवा साधी नोटपॅड फाइल घ्या. एका ओळीत पान नंबर, कुठल्या शब्दावर किंवा चित्रावर लिंक, आणि पूर्ण पत्ता. प्रत्येक पत्ता ब्राउझरमध्ये उघडून बघा आणि मग तिथूनच कॉपी करा, हाताने टाइप करू नका. कमिटीवाले पत्ता सांगतात फोनवर, "अरे तो आपला यूट्यूब चॅनल रे", त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, लिंकच पाठवायला सांगायची. "फाल्यां (उद्या) पाठवतो" म्हणाले तर ती जागा रिकामी ठेवा, अंदाजाने काही भरू नका.

लोकेशनचं तर विशेष सांगतो. गोव्यात देऊळवाडा, वरचावाडा, खालचावाडा ही नावं किती गावांत आहेत बघा. मॅपवर नाव शोधून जी लिंक येते ती माणसाला भलत्याच तालुक्यात नेऊन सोडेल. म्हणून देवळाच्या किंवा मांडवाच्या जागेवर बोट दाबून धरा, पिन पडली की शेअर करून तीच लिंक घ्या, आणि ती दुसऱ्याच्या फोनवर उघडून खात्री करा की पिन देवळाकडेच पडते, मागच्या रस्त्यावर नाही. पाहुणा पुण्याहून नाहीतर बेळगावहून गाडी घेऊन आला तर तो पिन दाखवेल तिथेच जाणार, त्याला काय माहीत वाट दुसऱ्या बाजूने आहे म्हणून.

२. पत्ता कसा लिहायचा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सॉफ्टवेअर तुमचा पत्ता बरोबर आहे का ते बघत बसत नाही, जे टाकाल ते चिकटवतं.

वेबसाइट असेल तर सुरुवात एचटीटीपीएस, कोलन आणि दोन स्लॅशनेच करायची. नुसतं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू टाकलं तर काही फोनवर उघडतं आणि काहींवर नाही.

ईमेलला आधी मेलटू आणि कोलन, मग पत्ता, मध्ये स्पेस नाही. इनडिझाइनमध्ये ईमेल असा वेगळा पर्याय आहे, त्यात मेलटू तोच लावतो.

फोनसाठी टेल आणि कोलन, मग अधिक चिन्ह, ९१ आणि नंबर. लँडलाइन असेल तर लक्ष द्या, आपल्या अख्ख्या गोव्याचा कोड ०८३२, पण पुढे ९१ लावला की सुरुवातीचं शून्य काढायचं, म्हणजे ९१ नंतर थेट ८३२ आणि मग सात आकडी नंबर. शून्य राहिलं तर फोन लागत नाही.

व्हॉट्सॲपची लिंक वेगळी असते, वेबसाइटसारखंच आधी एचटीटीपीएस, कोलन, दोन स्लॅश, मग डब्ल्यूए डॉट एमई, स्लॅश, मग ९१ आणि दहा आकडी नंबर. इथे अधिक चिन्ह नको, शून्य नको, मध्ये स्पेस नको, डॅश नको.

आणि हे सगळे आकडे इंग्रजी पाहिजेत बरं का. मी इथे देवनागरीत लिहितोय पण लिंकमध्ये टाकताना कीबोर्ड बदला. मराठी कीबोर्ड चालू राहिला की आकडे देवनागरी पडतात, दिसायला पानावर छान दिसतं, पण दाबल्यावर फोनला तो नंबर म्हणून कळत नाही. पानावर दिसणारा नंबर मराठीत ठेवा हवं तर, चौकोनाला चिकटवलेला पत्ता इंग्रजीतच.

देणगीचं एक. यूपीआयची थेट लिंक टाकायचा मोह होतो, दाबलं की जीपे उघडेल म्हणून. पण बऱ्याच पीडीएफ ॲपमध्ये ती उघडतच नाही. त्यापेक्षा क्यूआर मोठा द्या आणि खाली यूपीआय आयडी साध्या अक्षरात, कॉपी करता येईल असा. ज्याच्या फोनवरच पीडीएफ आहे तो स्क्रीनशॉट काढून पेमेंट ॲपमध्ये गॅलरीतून क्यूआर उघडतो, ते चालतं.

३. इनडिझाइनमध्ये मजकुराला लिंक

विंडो मेनूत इंटरॲक्टिव्ह, त्यात हायपरलिंक्स. हे पॅनल उघडून बाजूला ठेवा. टाइप टूलने शब्द निवडा, पॅनलच्या वर यूआरएलची पट्टी असते तिथे पत्ता पेस्ट करून एंटर. झाली लिंक. पॅनलमध्ये शेजारी गोल दिसतो, हिरवा म्हणजे पत्ता उघडतोय, लाल म्हणजे उघडत नाही. नेट बंद असेल तर सगळंच लाल दिसतं, घाबरू नका.

खालच्या नवीन लिंकच्या बटणावरून केलं तर मोठी खिडकी उघडते, त्यात तीन गोष्टी बघायच्या.

लिंक टू मध्ये यूआरएल, फाइल, ईमेल, पेज असे पर्याय असतात. फाइल निवडू नका, कधीच. ती तुमच्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवरच्या फाइलचा पत्ता धरते, तुमच्याकडे मस्त उघडते आणि बाकी जगाकडे काहीच नाही. दुसरी पीडीएफ जोडायची तर ती गूगल ड्राइव्हवर चढवा आणि तिची वेब लिंक टाका.

शेअर्ड हायपरलिंक डेस्टिनेशन असा एक टिक असतो. एकच पत्ता वीस पानांवर येत असेल, उदाहरणार्थ मंडळाचं फेसबुक पान, तर टिक ठेवा, मग एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. एकदाच येणाऱ्या पत्त्याला टिक काढा, नाहीतर यादी फुगत जाते.

आणि कॅरेक्टर स्टाइल. इनडिझाइन आपणहून हायपरलिंक नावाची स्टाइल लावतं, निळं आणि खाली रेघ. मराठीत खालची रेघ उकारांना कापत जाते, वाचायला घाण दिसतं, म्हणून ती स्टाइल उघडून रेघ काढा आणि स्मरणिकेच्या रंगातलाच एखादा गडद रंग द्या. पण काहीतरी खूण ठेवाच, "मॅप उघडण्यासाठी इथे दाबा" असं सरळ लिहिलं तर सगळ्यात बरं, आपले आजी-आजोबा रंग बघून लिंक ओळखत नाहीत.

मराठी अक्षरं तुटत असतील तर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडा. हे लिंक टाकायच्या आधी करा, कारण नंतर केलं की ओळी सरकतात आणि सगळी पानं परत बघावी लागतात.

४. जाहिरातींवर लिंक

स्मरणिकेचा खर्च जाहिरातींवर निघतो, त्यामुळे खरं काम इथेच. बहुतेक जाहिराती जेपीजी म्हणून येतात, कोणी तर कॅलेंडरचा फोटो काढून पाठवतं. अख्ख्या जाहिरातीला एकच लिंक पाहिजे तर काळ्या बाणाने फ्रेम निवडा आणि वरच्यासारखाच पत्ता टाका.

पण एका जाहिरातीत दोन फोन, एक व्हॉट्सॲप आणि मडगाव-फोंडा अशा दोन शाखा असतील तर? तेव्हा प्रत्येक नंबरवर एक रिकामी फ्रेम काढायची, फिल (आतला रंग) नाही, स्ट्रोक (कडेची रेघ) नाही, आणि त्या फ्रेमला लिंक द्यायची. फ्रेम नंबरपेक्षा मोठी काढा, अंगठा बसेल एवढी, पण दोन फ्रेमा एकमेकींवर चढू देऊ नका, चढल्या तर वरची जिंकते आणि माणूस मडगावला फोन लावतो फोंड्याऐवजी.

या सगळ्या रिकाम्या फ्रेमा वेगळ्या लेयरवर ठेवा, लेयरला "लिंक" असंच नाव द्या आणि कुलूप लावा. नाहीतर कोणीतरी फोटो सरकवायला जातो आणि रिकामी फ्रेमच ओढून नेतो, दिसत तर नाही काही, मग शोधत बसा. एक्सपोर्ट करताना हा लेयर चालू आहे ना ते बघा, लपवलेला लेयर पीडीएफमध्ये जात नाही, त्याच्यासोबत लिंका पण जात नाहीत. लेयरच्या ऑप्शनमध्ये प्रिंटचा टिक काढलेला असेल तरी तेच होतं.

५. अनुक्रमणिका

अनुक्रमणिका हाताने टाइप केली असेल तर प्रत्येक ओळीला लिंक टू मध्ये पेज निवडून लिंक द्यावी लागते. लेआउट मेनूतल्या टेबल ऑफ कंटेंट्सने केली तर लिंका फुकटात मिळतात. त्यासाठी लेखांच्या शीर्षकांना एकच पॅराग्राफ स्टाइल लावलेली पाहिजे, नुसता फॉन्ट मोठा करून चालत नाही. त्याच खिडकीत क्रिएट पीडीएफ बुकमार्क्सचा टिक आहे, तो पण करा, म्हणजे पीडीएफच्या बाजूच्या पट्टीत शीर्षकांची यादी येते.

पेजची लिंक देताना झूम सेटिंग विचारतं, तिथे इनहेरिट झूम ठेवा. दुसरं काही ठेवलं तर फोनवर दाबल्यावर पान कधी एवढंसं होतं कधी भलतंच मोठं.

उलट बाजूची लिंक पण द्या, म्हणजे प्रत्येक लेखाच्या शेवटी "अनुक्रमणिकेकडे". शंभर पानांची स्मरणिका फोनवर वर सरकवत परत जाणं म्हणजे शिक्षाच.

६. स्क्रायबसमध्ये

इथे मजकूर निवडून लिंक द्यायची सोयच शोधू नका, चौकोनच काढायचा. पीडीएफ टूल्सच्या पट्टीत लिंक ॲनोटेशनचा आयकॉन आहे, तो घेऊन शब्दावर चौकोन काढा. मग त्यावर राइट क्लिक, पीडीएफ ऑप्शन्स, ॲनोटेशन प्रॉपर्टीज. टाइपमध्ये एक्सटर्नल वेब-लिंक निवडा आणि डेस्टिनेशनमध्ये पत्ता. नुसतं लिंक निवडलं तर ती याच फाइलमधल्या पानाची लिंक होते, तिथे पान नंबर आणि जागा विचारतं. नवीन माणूस हमखास तिथेच अडकतो, वेबचा पत्ता टाकायला जागाच दिसत नाही म्हणून.

चौकोन आणि अक्षरं यांचं एकमेकांशी काही नातं नाही. वर एक ओळ वाढली की अक्षरं खाली जातात, चौकोन तिथेच. म्हणून मजकूर पूर्ण तपासून, कमिटीच्या सह्या झाल्यावरच लिंका टाकायला घ्या. आतल्या पानांच्या लिंका तर सगळ्यात शेवटी, पानं पक्की झाल्यावर, कारण अध्यक्षांचं मनोगत शेवटच्या दिवशी आलं आणि पुढे दोन पानं घुसली की सगळं हललं.

७. जुना फॉन्ट आणि पेजमेकर

आपल्याकडे अजून भरपूर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात येतो. पेजमेकरचं शेवटचं ७.० वर्जन २००१ चं, तरी काही टेबलांवर अजून चालू आहे, लोकांचा हात बसलाय त्यावर, त्यात वाईट काही नाही. लिंकेचा चौकोन जुन्या फॉन्टवर पण बसतो, काही अडचण नाही. अडचण दोन ठिकाणी. पानावर दिसणारा वेबचा पत्ता चुकून मराठी फॉन्टात राहिला तर अगम्य अक्षरं दिसतात, तेवढा इंग्रजी फॉन्टात घ्या. आणि बुकमार्क जुन्या फॉन्टच्या शीर्षकांवरून केले तर बाजूच्या पट्टीत नुसता इंग्रजी कचरा दिसतो, कारण तिथे तुमचा फॉन्ट नसतो. अशा वेळी बुकमार्क बंद ठेवा किंवा शीर्षकं तरी युनिकोडमध्ये बदलून घ्या. यूपीआय आयडी कॉपी करायला मिळावा हे वर सांगितलं ते पण इथे लागू, तो इंग्रजी फॉन्टातच पाहिजे.

८. एक्सपोर्ट, इथेच सगळं मरतं

प्रेससाठी एक पीडीएफ आणि मोबाईलसाठी दुसरी, हे ठरवून टाका. प्रेसला सीएमवायके (छपाईचे चार रंग), ब्लीड (कापायच्या रेघेबाहेरचा जादा भाग), कटमार्क पाहिजेत, आणि पीडीएफ एक्स-१ए सारख्या छपाईच्या स्टँडर्डमध्ये पानावर लिंका चालतच नाहीत. एकाच फाइलमध्ये दोन्ही बसवायला गेलात तर दोघंही नाराज.

इनडिझाइनमध्ये मोबाईलसाठी एक्सपोर्टला जाऊन ॲडोबी पीडीएफ इंटरॲक्टिव्ह निवडा, त्यात लिंका आपोआप येतात. ॲडोबी पीडीएफ प्रिंटच वापरायचं असेल तर जनरलच्या पानावर खाली इन्क्लूड असा भाग आहे, तिथे हायपरलिंक्स आणि बुकमार्क्सला टिक करा. प्रेस क्वालिटीच्या सेटिंगमध्ये हा टिक नसतो, आणि सगळे सवयीने तेच निवडतात. दोन्हीकडे स्प्रेड्स (समोरासमोरची जोडपानं) नको, पेजेस ठेवा. फोटो १५० पीपीआयवर आणा, सत्तरी तालुक्यात आतल्या गावांत मोबाईलची रेंज कशी असते ते सांगायला नको, मोठी फाइल उतरतच नाही.

स्क्रायबसमध्ये पीडीएफ १.४ किंवा १.५ निवडा, एक्सवाले पर्याय नको.

कोरलड्रॉवाल्यांनी पब्लिश टू पीडीएफच्या सेटिंगमध्ये डॉक्युमेंटच्या पानावर इन्क्लूड हायपरलिंक्स बघून घ्या.

प्रिंट मेनूतून मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ करायचं नाही. दिसायला तीच पीडीएफ, पण प्रिंट म्हणजे शाई, शाईत चौकोन येत नाही. कव्हर एकाने कोरलमध्ये केलं आणि आतली पानं दुसऱ्याने इनडिझाइनमध्ये, मग जोडताना पण तेच, ॲक्रोबॅटच्या कंबाइन फाइल्सने जोडा, प्रिंट करून नाही. साइझ कमी करणाऱ्या फुकट वेबसाइटवरून फाइल काढली तर लिंका परत तपासा, काही साइट पानांची सरळ चित्रं करून देतात.

९. तपासणी फोनवरच

कॉम्प्युटरवर ॲक्रोबॅट रीडरमध्ये तपासून समाधान मानू नका. त्यात एक सेटिंग आहे, पानावर वेबचा पत्ता दिसला की तो स्वतःच त्याची लिंक बनवतो. म्हणजे तुम्ही लिंक दिलीच नसेल तरी तुमच्याकडे उघडते, आणि लोकांकडे नाही.

फाइल व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, फोनवर उघडा आणि यादी हातात घेऊन एकेक दाबा. फोन लागतो का, व्हॉट्सॲप योग्य दुकानाचं उघडतं का, मॅप कुठे नेतो. हे काम ज्याने लिंका टाकल्या त्याने करू नये, घरातल्या दुसऱ्या कोणाला द्या. "ही लिंक उघडायची का" अशी सूचना आली तर ती नेहमीची आहे, कमिटीला आधीच सांगून ठेवा नाहीतर व्हायरस म्हणून फोन येतात.

ड्राइव्हवरच्या फोटोंची लिंक असेल तर शेअरिंगमध्ये "एनीवन विथ द लिंक" आहे का बघा. तुमच्याच अकाउंटवरून तपासलं तर ती नेहमीच उघडणार, म्हणून ब्राउझरच्या इनकॉग्निटोमध्ये उघडा.

१०. पाठवताना

व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. कोणीतरी हौसेने पानांचे फोटो करून टाकतो "बघायला सोपं म्हणून", त्यात एकही लिंक राहत नाही, त्याला प्रेमाने समजवा.

छापील प्रतीसाठी त्याच पत्त्यांचे क्यूआर द्या, इनडिझाइनमध्ये ऑब्जेक्ट मेनूत जनरेट क्यूआर कोड आहे, बाहेर कुठे जायला नको. दोन सेंटीमीटरपेक्षा लहान करू नका आणि गडद रंगावर पांढरा असा उलटा पण नको.

आणि शक्य असेल तर फाइल थेट पाठवण्याऐवजी ड्राइव्हवर चढवून तिची लिंक पाठवा. कार्यक्रमाची वेळ बदलली, जाहिरातदाराचा नंबर चुकला, असं काहीतरी निघतंच. तेव्हा नवीन फाइल वेगळी चढवू नका, जुन्या फाइलवर मॅनेज व्हर्जन्समध्ये जाऊन तिथे नवीन टाका, लिंक तीच राहते आणि ग्रुपवर "आधीची डिलीट करा, ही नवीन बघा" असं लिहावं लागत नाही.